सदतीस सेकंद आणि शेहेचाळीस वर्षे

महाड तालुक्यातील आंबवडे या गावाला सारा परिसर फौजी आंबवडे म्हणून ओळखतो. पिढ्यानपिढ्या तेथील तरुण सैन्यात भरती होत आले आहेत. सुट्टीवर आलेला जवान आणि निवृत्तिवेतनातून घर बांधू पाहणारा सुभेदार हे महाड-पोलादपूरच्या पेढ्यांचे जुने गिऱ्हाईक. सैनिकाच्या सेवेची अखेर समाज बहुधा दोनच प्रकारे कल्पितो. तो सन्मानाने निवृत्त होतो, अथवा हुतात्मा होतो. तिसराही एक प्रकार आहे. तो जिवंत परततो, परंतु स्वतःच्या पायांनी चालत नव्हे. या तिसऱ्याची नोंद फारशी कोणी ठेवीत नाही.

सांगली जिल्ह्यात इस्लामपूरजवळ पेठ नावाचे गाव आहे. मुरलीकांत पेटकर हे तेथले. कुस्तीच्या ओढीत वाढलेला हा मुलगा अल्पवयातच सैन्यात दाखल झाला. यांत्रिक व विद्युत अभियंता दलात, ज्याला सर्वजण ईएमई म्हणतात, त्याला मुष्टियुद्धाची गोडी लागली. १९६४ साली टोकियो येथे भरलेल्या सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो भारताकडून उतरला. पुढल्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झाले आणि सियालकोट आघाडीवर त्याच्या शरीरात गोळ्या घुसल्या. त्यांपैकी एक पाठीच्या कण्याजवळ रुतून राहिली. ती काढणे शक्य झाले नाही. दीर्घ बेशुद्धीनंतर शुद्ध आली तेव्हा कमरेखालचा भाग लुळा पडला होता.

मुंबईत कुलाब्याच्या अश्विनी या नौदल रुग्णालयात उपचार सुरू असताना त्यांना पोहण्याचा व्यायाम करण्यास सांगण्यात आले. पाण्यात शरीराचा भार हलका होतो आणि निकामी पायांचे ओझे हातांना पेलवते, हा त्यामागचा सरळ हिशेब. औषध म्हणून सुरू झालेले पोहणे पुढे ध्यास झाले.

अशा रुग्णांसाठी खेळ ही कल्पना तेव्हा जगातही नवीच होती. जर्मनीतून परागंदा झालेले डॉक्टर लुडविग गुटमान इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात कण्याला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करीत. लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, २९ जुलै १९४८ रोजी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ तेथे आहे. त्याआधी अशा रुग्णाला गादीवर पडून राहू देणे हाच उपचार मानला जाई आणि बहुतेकांचा अंत शय्याव्रणांनी होई.

पेटकर १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिंपिकला गेले ते टेबल टेनिस खेळण्यासाठी. पहिली फेरी त्यांनी जिंकली. १९७० साली एडिंबरो येथील अपंगांच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. अपंग खेळाडूला परदेशी पाठविण्याची सरकारी तरतूद त्या काळी कोठली! त्यांच्या प्रवासखर्चाच्या व्यवस्थेत क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या पुढाकाराचा मोठा वाटा होता. मर्चंट हे मूळचे ठाकरसी, गिरणीमालक घराण्यातले. त्यांनी शतकेही केली आणि अपंगांसाठी वर्षानुवर्षे शब्दही टाकला. व्यापारी घराण्यांनी त्यांचे दुसरे काम पहिल्याइतकेच स्मरणात ठेवावयास हवे होते.

१९७२ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिंपिक भरले. ५० मीटर मुक्तशैलीच्या शर्यतीत पेटकरांनी ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवून सुवर्णपदक जिंकले. तो जागतिक विक्रम होता. काही आठवड्यांनी म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये मार्क स्पिट्झने १०० मीटर अंतर ५१.२२ सेकंदांत कापले आणि तो घराघरांत पोहोचला. स्पिट्झला दोन पाय होते. पेटकरांचे पाय त्यांच्यामागून ओढले जात होते. हा फरक मनात धरून दोन्ही आकडे पुन्हा वाचावेत.

पोहण्यापुरतेच ते थांबले नाहीत. भालाफेक, नेमक्या लक्ष्यावर भाला टाकण्याची स्पर्धा आणि स्लॅलम या तिन्हींत ते अंतिम फेरीपर्यंत गेले. स्लॅलम म्हणजे चाकांच्या खुर्चीवरून अडथळे, चढ आणि वळणे पार करण्याची शर्यत.

भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्ण २००८ साली अभिनव बिंद्रांनी मिळवून दिले, हे शाळकरी मुलेही सांगतात. त्यात चूक नाही. पण त्याच्या ३६ वर्षे आधी एका भारतीय जवानाने पॅरालिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकले होते, हे त्या मुलांना कोणी सांगितलेले नसते. पेटकर पुण्यात टेल्कोमध्ये नोकरीस लागले. १९८२ साली अर्जुन पुरस्कारासाठी केलेला त्यांचा अर्ज नाकारला गेला. पद्मश्री आली ती २०१८ मध्ये. २०२४ साली त्यांच्यावरील 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट झळकला आणि नंतर, १७ जानेवारी २०२५ रोजी, जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते देण्यात आला. सुवर्णपदक आणि पद्मश्री यांच्यात ४६ वर्षे गेली. इतक्या मुदतीची थकबाकी कोणत्याही पेढीने केव्हाच बुडीत खाती टाकली असती. येथे मुद्दल कसेबसे वसूल झाले. व्याजाचे नाव कोणी काढले नाही. नोकरीचा पगार दरमहा मिळत होता म्हणून घर चालले, ही गोष्ट मात्र पदकाइतकीच महत्त्वाची मानावी लागेल.

पुण्याजवळ खडकी येथे पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. तेथील जवान चाकांच्या खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळतात. या खेळाचा एक नियम व्यापाऱ्याने समजून घ्यावा असा आहे. बास्केट नेहमीच्याच उंचीवर, ३.०५ मीटरवर, असते. त्यात कोणतीही सवलत नाही. प्रत्येक खेळाडूला त्याच्या हालचालींच्या क्षमतेनुसार १ ते ४.५ गुण दिलेले असतात आणि मैदानावरील पाच जणांच्या गुणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. म्हणजे पाचही धडधाकट बाहूंचे, सरळ बसू शकणारे खेळाडू उतरविता येत नाहीत. ज्याच्या धडातही बळ नाही तो १ गुणाचा खेळाडू संघाला हवाच असतो. त्याच्यामुळे इतरांसाठी गुण शिल्लक राहतात. सर्वांत दुबळ्याची किंमत नियमानेच राखली आहे. दयेवर ती सोडलेली नाही.

भारतात या खेळाचा राष्ट्रीय महासंघ २०१४ पासून चेन्नईहून चालतो. तो उभा करण्यात पुढाकार घेणाऱ्या माधवी लता या पोलिओने अधू झालेल्या, बँकेत नोकरी केलेल्या आणि पेटकरांप्रमाणेच उपचार म्हणून पाण्यात उतरून स्पर्धक जलतरणपटू बनलेल्या. बँकेच्या कामकाजात मुरलेल्या व्यक्तीच्या हाती हा खेळ आला हे त्याचे भाग्यच. सराव आणि जिद्द पुष्कळांपाशी असते. मजबूत खुर्ची, प्रवास आणि मैदान यांचे पैसे कोठून येणार, हे पाहणारा क्वचितच असतो.

महाड-पोलादपूरच्या मुलखात कण्याला इजा होण्यासाठी युद्धाची गरज नाही. कशेडी आणि आंबेनळी हे घाट आहेत, पावसाळ्यात कोसळणारी दरड आहे, कौले शाकारताना वा आंब्यावरून पाय निसटणे आहे. असा तरुण खुर्चीवर बसून बाजारात येतो तेव्हा त्याच्यासमोर हायडेलबर्गचा स्लॅलम उभा राहतो. सावित्रीच्या पुराची धास्ती असलेल्या गावात दुकानाचे जोते उंच ठेवणे हे शहाणपणच. २०२१ च्या जुलैत ज्यांचा माल भिजला त्यांना ते सांगावे लागत नाही. पण तीन पायऱ्यांपाशी गिऱ्हाईकही थांबते आणि नोकरी मागावयास आलेला उमेदवारही.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा ये-जा सुलभ ठेवण्याची जबाबदारी खासगी आस्थापनांवरही टाकतो. उताराचे प्रचलित मान १ फूट उंचीस १२ फूट लांबी असे आहे. दीड फुटाच्या जोत्यास १८ फूट लागतात. एका दुकानापुढे तेवढी जागा नसते. शेजारच्या तीन-चार दुकानांनी ओट्यालगत भिंतीच्या कडेने एकच सामाईक उतार बांधला आणि ओटे एका पातळीत जोडून घेतले, तर ती जागा निघते आणि खर्चही वाटला जातो. ओटे नव्याने बांधावयाचे असतील तर मोजमाप घेण्याची वेळ दिवाळीनंतरची, पाऊस पूर्ण ओसरल्यावरची.