महाभियोग म्हणजे हकालपट्टी नव्हे!

वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतंच, ‘सीआरवर महाभियोग आणा रे!’ बिचाऱ्याने सबमिशनची तारीख उशिरा कळवलेली असते, एवढाच गुन्हा. म्हणायचं एकच असतं, याला खुर्चीवरून उठवा. बातम्या वाचतानाही आपण हा शब्द असाच घेतो. महाभियोग आला म्हणजे माणूस गेला. गल्लत होते ती इथेच.

जरा शब्द फोडून बघा. अभियोग म्हणजे आरोप, फिर्याद. ज्याच्यावर तो असतो तो अभियुक्त आणि जो चालवतो तो अभियोक्ता. लॉ करणाऱ्यांनी एमपीएससीची ‘सहायक सरकारी अभियोक्ता’ पदाची जाहिरात पाहिली असेलच. यात खुर्ची काढून घेणं कुठेच नाही. महाभियोग म्हणजे मोठ्या माणसावरचा मोठा आरोप, अजून सिद्ध व्हायचा असलेला.

इंग्रजीतल्या ‘इम्पीचमेंट’चीही कथा तीच. वॉरन हेस्टिंग्ज बंगालचं गव्हर्नर जनरलपद सोडून १७८५ मध्ये इंग्लंडला परतला. त्याच्यावरचा खटला उभा राहिला १७८८ मध्ये आणि सात वर्षं चालून तो १७९५ मध्ये निर्दोष सुटला. म्हणजे काढून घ्यायला पद हातात नव्हतंच! अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर २०१९ आणि २०२१ असा दोनदा महाभियोग मंजूर झाला आणि दोन्ही वेळा ते सिनेटमध्ये सुटले. दुसऱ्या वेळी ५७ विरुद्ध ४३ अशी मतं पडली, पण लागणार होती ६७. दक्षिण कोरियात मात्र दोन्ही पायऱ्या पूर्ण झाल्या. १४ डिसेंबर २०२४ ला तिथल्या संसदेने ३०० पैकी २०४ मतांनी अध्यक्ष यून सुक योल यांच्यावर महाभियोग मंजूर केला. त्यांचे अधिकार लगेच थांबले, पण पद गेलं ते ४ एप्रिल २०२५ ला, घटनात्मक न्यायालयाने निकाल दिल्यावर.

आता आपल्याकडे या. आपल्या राज्यघटनेत महाभियोग हा शब्द फक्त राष्ट्रपतींसाठी आहे, कलम ६१ मध्ये. तो आजवर एकदाही वापरावा लागलेला नाही. न्यायाधीशांसाठी घटना साधं ‘पदावरून दूर करणं’ एवढंच म्हणते आणि त्यासाठी गैरवर्तन किंवा अक्षमता ‘सिद्ध’ झालेली हवी. तो ‘सिद्ध’ फार महाग आहे. आधी लोकसभेचे १०० किंवा राज्यसभेचे ५० खासदार सह्या करतात. मग अध्यक्ष किंवा सभापती नोटीस स्वीकारतात, नाहीतर फेटाळतात. स्वीकारली तर तिघांची समिती चौकशी करते. समितीने दोषी धरलं तरच दोन्ही सभागृहांत, एकाच अधिवेशनात, हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश आणि एकूण सदस्यसंख्येचं निम्म्याहून जास्त बहुमत लागतं.

एवढ्या पायऱ्या आहेत, पण हेडलाइन मिळते पहिल्याच पायरीला. २०१८ मध्ये सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्याविरुद्धची नोटीस सभापती वेंकय्या नायडूंनी तिथेच फेटाळली. तोवर ‘महाभियोग’ सगळीकडे झळकून झाला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये न्या. यशवंत वर्मा यांच्या प्रकरणात लोकसभा अध्यक्षांनी १४६ खासदारांची नोटीस स्वीकारून समिती नेमली. जळालेल्या नोटांचा तो आरोप वर्मांनी नाकारलेला होता. चौकशी सुरू व्हायची होती, पण कट्ट्याकट्ट्यावर निकाल लागलेलाही होता. राजकारण्यांना हे सोयीचंच आहे. नोटीस द्यायची, फोटो काढायचे, पुढचं कोण बघतंय?

पुढचं बघायचंच तर १९९३ बघा. न्या. व्ही. रामस्वामी यांच्यावरच्या आरोपांची चौकशी न्या. पी. बी. सावंत यांच्या समितीने केली, म्हणजे आपल्याच मुंबईच्या माणसाने. समितीने बरेचसे आरोप सिद्ध धरले. लोकसभेत रामस्वामींच्या बाजूने वकील म्हणून कपिल सिब्बल उभे राहिले. मतदान झालं तेव्हा ठरावाच्या बाजूने १९६ मतं पडली आणि विरोधात? शून्य. तरी ठराव पडला. सत्ताधारी काँग्रेसचे खासदार सभागृहात बसून राहिले आणि त्यांनी मतच दिलं नाही. रामस्वामी न्यायाधीश राहिले. सिद्ध झालेला आरोप आणि गेलेलं पद यांच्यात किती अंतर असू शकतं, ते मोजायला याहून चांगली पट्टी मला माहीत नाही.

या मार्गाने २०२५ संपेपर्यंत एकही न्यायाधीश पदावरून गेला नव्हता. सर्वांत जवळ पोचलं ते कोलकाता उच्च न्यायालयाचे न्या. सौमित्र सेन यांचं प्रकरण. वकील असताना कोर्टाने सांभाळायला दिलेले पैसे त्यांनी वळवले, असा आरोप होता. ऑगस्ट २०११ मध्ये त्यांनी स्वतः राज्यसभेत उभं राहून आपली बाजू मांडली. तरी १८९ मतांनी ठराव मंजूर झाला. आता उरली होती फक्त लोकसभा, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. सेन यांनी त्याच्या काही दिवस आधी राजीनामा दिला. पदच उरलं नाही म्हटल्यावर लोकसभेने विषय बंद केला आणि ते मतदान झालंच नाही.