पेटीवर मुद्रा कोणाची?

आमच्या सांगोल्यास डाळिंबाचा हंगाम साधला की दोन गोष्टी हमखास घडतात. कोणाच्या तरी दारात नवी मोटार उभी राहते आणि कोणाची तरी गोव्याची सहल निघते. अशाच एका सहलीहून परतलेला माझा एक जुना विद्यार्थी परवा भेटावयास आला होता. पणजीस मांडवीच्या पात्रातील एका जहाजावर, ज्यास ब्लॅकजॅक म्हणतात त्या एकविसाच्या डावात, तो एका रात्रीत बरीच रक्कम घालवून आला होता. हरल्याचे दुःख त्याने फारसे मानले नव्हते. त्यास सलत होते ते निराळेच. तो म्हणाला, "सर, माणसाने पत्ते पिसले असते तर नशीब म्हणून गप्प बसलो असतो. तिथे पत्ते एका बंद पेटीत घालतात आणि पेटीतूनच बाहेर काढतात. आत काय होते, ते कोणी पाहिले आहे?" शेजारी बसलेले आमचे एक विद्वान स्नेही हसून उद्गारले, "नाचता येईना, अंगण वाकडे!" प्रस्तुत लेख त्या हास्याविरुद्ध आहे.

विद्वानांच्या पक्षात जे सत्य आहे, ते प्रथम मान्य करणे न्यायाचे होईल. या डावात मालकास लबाडी करण्याची गरजच नसते. खेळणाराने आपले पत्ते आधी घ्यावयाचे. त्याची बेरीज एकविसापुढे गेली की त्याचा पण तत्काळ बुडाला. मागाहून वाटणाराची बेरीजही एकविसापुढे गेली, तरी तो बुडालेला पण परत मिळत नाही. मालकाचा नफा मुख्यतः या एका नियमात साठविलेला आहे. पुस्तकी रीतीने बिनचूक खेळणारासही चांगल्या नियमांच्या टेबलावर दीर्घकाळात शंभर रुपयांच्या पणामागे सुमारे अर्ध्या रुपयाचा तोटा सोसावा लागतो. पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस झाले असता दोनास तीन देण्याऐवजी पाचास सहा देण्याची चाल अनेक ठिकाणी पडली आहे. तिने हाच तोटा जवळजवळ दोन रुपयांवर जातो. राजरोस एवढे मिळत असता पेटीत हात घालण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारल्यास ते अगदीच गैर नव्हे.

हे यंत्र आले तेही एका वेगळ्याच भयापोटी. १९६२ मध्ये एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञाने ग्रंथ लिहून दाखवून दिले की, बाहेर पडलेले पत्ते जो ध्यानात ठेवील त्यास उरलेल्या पत्त्यांत दश्श्या, चित्रे आणि एक्के किती आहेत याचा अदमास येतो, आणि त्या बेताने पण वाढविल्यास मालकावर मात करता येते. त्यावर काढलेल्या उताऱ्यांपैकी एक म्हणजे ही पेटी. तिच्या एका जातीत वापरलेले पत्ते दर डावानंतर पुन्हा आत जातात. कॅट कधी संपतच नाही, म्हणून स्मरणशक्ती निरुपयोगी ठरते. ज्यास मोजणी येत नाही त्याचे दर डावाचे नुकसान याने वाढत नाही. परंतु पिसण्यासाठी खेळ थांबत नसल्याने तासास जेथे साठ डाव व्हावयाचे तेथे समजा ऐंशी होतात. दर डावी पाच रुपये तोटा धरला, तर तीनशेचे चारशे झाले. पत्ते पिसताना मिळणारी क्षणभराची उसंत, जिच्यात शहाणा मनुष्य उठून घरी जातो, ती यंत्राने नाहीशी केली.

येथवर आमच्या स्नेह्यांचा जय झाला असे वाटेल. परंतु लबाडीची गरज नाही, म्हणून लबाडी होत नाही, हे अनुमान तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गातही टिकणार नाही. पर्सी डायकोनिस आदी गणितज्ञांनी अशाच एका नव्या यंत्राची परीक्षा करून २०१३ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. नीट पिसलेल्या बावन्न पत्त्यांतील एकेक पत्ता उघडण्यापूर्वी ओळखू गेल्यास सरासरी साडेचार पत्ते बरोबर येतात. या यंत्राच्या बाबतीत साडेनऊ येत होते. म्हणजे कोणाच्या मनात कपट नसतानाही पेटी सदोष होती. २०२३ मध्ये लास व्हेगास येथे संशोधकांनी दाखविले की, पत्ते तपासण्यासाठी आत कॅमेरा बसविलेले एक यंत्र बाहेरून फितविता येते. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी, खाजगी पोकरच्या बैठकींत फेरफार केलेली पिसणी-यंत्रे वापरून लोकांस लुबाडल्याचा आरोप अनेकांवर ठेवला. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न अडाण्याचा नव्हे.

पूर्वी जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून बैलाचा भाव ठरवीत. विकणारा शेतकरी शेजारीच उभा असे, आणि स्वतःच्या बैलाची किंमत त्यास सर्वांच्या मागून कळे. तो सौदा कधी प्रामाणिकही असेल. पण रुमाल होता तोवर ते सिद्ध करण्याचे साधन नव्हते. आज आमची डाळिंबे ज्या काट्यावर तोलली जातात, त्यावर वजनमापे निरीक्षकाची मुद्रा लागते, आणि ती ठराविक मुदतीने पुन्हा घ्यावी लागते. व्यापारी चोर आहे असे गृहीत धरून ही मुद्रा मारीत नाहीत. गिऱ्हाइकास काट्याचे पोट उघडून पाहता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने सरकार ते पाहते. डाळिंबाच्या काट्यास जो न्याय, तो लाखांची उलाढाल करणाऱ्या पेटीस का नसावा?

गोव्याच्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांस, आणि १९९६ मध्ये पाण्यावरील जहाजांस वाट करून देण्यात आली. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत घेतलेल्या चिप्सच्या पूर्ण किमतीवर २८ टक्के वस्तू व सेवा कर बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. याचा अर्थ, शासन हे या खेळाचे केवळ पंच नसून भागीदारही आहे. महाभारतातील द्यूतसभेविषयी आपण शकुनीचे फासे खोटे होते की काय, याचाच खल करतो. परंतु सिंहासनावर बसलेला धृतराष्ट्र पुन्हा पुन्हा "जिंकले काय?" असे उत्सुकतेने विचारीत होता, हे विसरतो. ज्या सभेत न्यायाधीशाचे मन एका पक्षाच्या लाभात गुंतले, तेथे फासे खरे असूनही संशय फिटत नाही.

"जुगारच वाईट, त्यात न्याय कसला मागता?" असे सोवळे मंडळी म्हणतील. जुगार वाईट, हे मलाही मान्य आहे. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, पण तो कधी अमलात आणला नाही, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरविले. ही भूमिका निदान सरळ आहे. परंतु ज्या शासनाने परवाना दिला आणि कर घेतला, त्यास सोवळ्यात राहता येत नाही. पेट्यांची तपासणी स्वतंत्र गणितज्ञ व यंत्रज्ञ यांजकडून होत असेल, तर तिचा अहवाल प्रसिद्ध करावा आणि तपासणीची मुद्रा प्रत्येक पेटीवर खेळणारास दिसेल अशी लावावी. होत नसेल, तर ती आजच सुरू करावी.

त्या विद्यार्थ्यास मी एवढेच सांगितले की, बाबा रे, पेटी निर्दोष ठरली तरी तू हरणारच. तेव्हा पुन्हा जाऊ नकोस. पण विचारलेला प्रश्न मात्र मागे घेऊ नकोस.