फुकटे कोण?

सरकारी दवाखान्याच्या रांगेत मी मायचा पदर धरून वाढलो. तिथं एकच ऐकलं: 'फुकट मिळतंय ना? मग तोंड वर करून बोलू नको.' वार्डातली आयाबाई बोलायची. ती आपल्यातलीच, पिचलेली. तिच्यावर राग नाही. पण तोच शब्द कायद्यात सापडला तेव्हा टाळकं सटकलं.

1995 साली सुप्रीम कोर्टानं डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं. पैसे मोजणारा रोगी ग्राहक ठरला. जिथं काहींकडून पैसे घेतात, तिथला फुकटचा रोगीही ठरला. पण जिथं सगळ्यांनाच फुकट, तिथला रोगी ग्राहक नाही. केसपेपरचे पैसे त्यात धरत नाहीत. कर भरतो म्हणाल, तर तोही मोबदला नव्हे! 2019 च्या नव्या कायद्यातही फुकटची सेवा बाहेरच. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. बरं झालं. पण त्यानं ग्राहक आयोगाचं दार आणखी घट्ट लागलं, हे कुणी सांगितलं?

उरलं दिवाणी कोर्ट. जुलै 1963. औरंगाबादचा सरकारी दवाखाना. एका बाळंतिणीची नसबंदी करताना पोटात टॉवेल राहिला. बाई मेली. खालच्या कोर्टानं 36 हजार दिले, हायकोर्टानं दावा उलटवला. सुप्रीम कोर्टानं सरकारला जबाबदार धरलं फेब्रुवारी 1996 मध्ये. बत्तीस वर्षं! साहेबाच्या बायकोसाठी कुणी एवढं थांबलं असतं का?

आणि फुकट कसलं? मायनं आयुष्यभर या शहराचा कचरा उचलला. काडेपेटीपासून चपलेपर्यंत कर भरला. मग फुकटे कोण?

मागणी साधी आहे. सरकारी दवाखान्यातला रोगी ग्राहक कायद्यात घ्या. पैसे मोजणाऱ्याला मिळतो तेवढाच न्याय, तेवढ्याच लवकर.

तोवर हात बांधून बसू नका. वस्तीत कुणाला इजा झाली तर आधी केसपेपरची नक्कल लेखी मागा. 2002 च्या नियमांप्रमाणे डॉक्टरनं ती 72 तासांत द्यायची असते. 1987 च्या कायद्यानं दलित, आदिवासी आणि बायांना सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तो मागा. ती भीक नव्हे.

मायला तोंड वर करून बोलता आलं नाही. आपण बोलू.