घरचा इतिहास

शहाजीराजांच्या वडिलांचें नांव विचारतांच वर्गांतून "मालोजी" असें एकमुखानें उत्तर येतें. परंतु आपल्या पणजोबांचें नांव विचारिलें कीं सारा वर्ग स्तब्ध होतो. हा दोष मुलांचा नव्हे, आम्हां वडीलधाऱ्यांचा आहे.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पूर आला. नदीकांठच्या कित्येक घरांतील चीजवस्तु, कागदपत्रें वाहून गेलीं. त्या घरांचा इतिहास आतां वृद्धांच्या मुखींच उरला आहे. ज्यांनीं तो पूर दहाव्या वर्षीं पाहिला, ते आज सत्तरीपलीकडे आहेत. मग तो ऐकावयाचा कधीं?

कांहीं पालक म्हणतात, "आमच्या दारिद्र्याच्या कथा मुलांस कशाला?" हें मत मला मान्य नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत घरांतील ओढाताण, रुसवेफुगवे आणि स्वतःची फजिती बाईंनीं मोकळेपणीं सांगितली आहे. म्हणूनच तो ग्रंथ अजून आपलासा वाटतो. वडिलांचे केवळ पराक्रम ऐकून मूल दबून जातें. तेही एकदां गणितांत नापास झाले होते हें कळलें, म्हणजे त्यास धीर येतो.

यास्तव, पालकहो, रात्रीं जेवणानंतर एखादी आठवण सांगत जा. विद्यार्थ्यांनो, या सुट्टींत वही घेऊन आजीजवळ बसा आणि तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. मी तो आळस केला. माझ्या आजीचें माहेर कोणत्या गांवीं होतें, हें सांगणारें आज कोणी उरलें नाहीं.