मेंढीच्या कातड्यावरची झोप

तान्ह्या मुलाचे अंथरूण जितके धूळविरहित, तितका पुढे दमा होण्याचा संभव कमी, ही समजूत निराधार नव्हती. १९६४ साली हॉलंडमधील लायडन येथील फोरहोर्स्ट व स्पीक्स्मा यांनी घरातील धुळीच्या अधिहर्षतेचा, म्हणजे ॲलर्जीचा, संबंध माइट या कोळ्याच्या वर्गातील सूक्ष्म जीवाशी जोडला. हा जीव गाद्या-उशांत राहतो व माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. तेव्हा बाळाच्या बिछान्यातून लोकर व केस हद्दपार करावेत, हा सल्ला ओघानेच आला.

त्याला छेद देणारी माहिती जर्मनीतून २०१४ साली पुढे आली. तेथील २,४४१ मुलांपैकी ५५ टक्के मुले पहिले तीन महिने प्राण्याच्या, बहुधा मेंढीच्या, केसाळ कातड्यावर निजली होती. सहाव्या वर्षी त्यांना दमा असण्याची शक्यता इतरांहून ७९ टक्क्यांनी कमी आढळली. दहाव्या वर्षी हा फरक ४१ टक्क्यांवर आला. याआधी, २००२ साली, जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडच्या ग्रामीण भागांतील ८१२ मुलांच्या गाद्यांची धूळ तपासण्यात आली होती. जिवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन हे द्रव्य जिथे अधिक, तिथे ॲलर्जीजन्य दमा कमी, असे त्यात दिसले. लहानपणीच विविध जंतूंशी परिचय झाल्याने शरीराची प्रतिकारयंत्रणा निरुपद्रवी पदार्थांवर उठत नसावी, असा तर्क केला जातो.

तर्क आकर्षक आहे. परंतु ‘कातडे घ्या, दमा टाळा’ असा अर्थ काढणे सर्वस्वी गैर होय. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. ज्या घरात आईबापांनाच दमा किंवा ॲलर्जी आहे, ते आधीच लोकरीपासून दूर राहत असतील, तर फरक कातड्याने पडला की आनुवंशिकतेने? अशा गोष्टींचा हिशेब संशोधक मांडतात, तरी तो पुरता चुकता होतोच असे नाही. घरातील तंबाखूच्या धुराने मुलांची छाती बिघडते याविषयी मात्र एवढी शंका उरलेली नाही. पण त्याचे कौतुक वृत्तपत्रांना कोठून असणार!

शिवाय एक धोका दम्याहूनही भयंकर आहे. मऊ केसाळ पृष्ठभागावर पालथे निजलेले अर्भक झोपेतच दगावू शकते. बाळाला सपाट, घट्ट गादीवर उताणे निजवावे, असा प्रचार अमेरिकेत १९९४ पासून झाला व पुढे तेथील अशा आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. तेव्हा संशोधकांनी कातड्यातील नेमके कोणते जिवाणू वा द्रव्ये उपकारक ठरतात ते वेगळे काढावे. तोवर पहिले वर्षभर कातडे पाळण्याबाहेरच राहिलेले बरे.