घरबसल्या पदवी : स्वस्ताई कोणाची?

महाविद्यालय दूर असेल तर ते घरीच आणावे, हातातल्या फोनवर व्याख्याने ऐकावीत आणि पदवी घ्यावी. वसतिगृहाचा खर्च नको की बसचे भाडे नको, असा उपदेश बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील गरीब पालकांस हल्ली सर्रास केला जातो. त्यात लबाडी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यातील हिशेब अपुरा आहे, आणि अपुरा हिशेब पुष्कळदा खोट्याहूनही अधिक घातक ठरतो.

प्रथम प्रतिपक्षाचे देणे देऊन टाकू. मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन अथवा दूरशिक्षणाची पदवी कायद्याने कमअस्सल नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० च्या विनियमांत ती नेहमीच्या पदवीशी समकक्ष ठरविली आणि २०२२ साली तेच पुन्हा स्पष्ट केले. नोकरी सांभाळणाऱ्या कारकुनास किंवा लेकुरवाळ्या गृहिणीस ही सोय म्हणजे उपकारच होय. आमचा वाद आहे तो घराण्यात प्रथमच बारावी ओलांडलेल्या अठरा वर्षांच्या मुलास ‘तुला एवढे पुरे’ असे सांगणाऱ्यांशी.

स्वस्त कोणास? इमारत, ग्रंथालय आणि प्राध्यापक यांचा खर्च शासनाचा वाचतो. फोन, डेटा आणि अभ्यासाची निवांत जागा यांचा भार घरावर पडतो. खर्च नाहीसा झाला नाही. त्याने केवळ खिसा बदलला. धोकाही विद्यार्थ्याच्याच माथी येतो. म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाची मान्यता २०१२-१३ नंतर राहिली नसल्याचे आयोगाने २०१५ साली जाहीर केले. ती पुन्हा मिळावयास २०१८ उजाडले. दोष कोणाचा हे कायदेपंडितांनी ठरवावे. पण मधल्या काळात शुल्क भरून बसलेल्यांची वर्षे कोणी परत दिली? शिवाय वैद्यक, अभियांत्रिकी, परिचर्या आणि कायदा यांच्या पदव्या या मार्गाने मिळतच नाहीत. गरिबासाठी उघडलेल्या या दारातून डॉक्टर वा वकील होण्याची वाट निघत नाही. आणि मुलींच्या बाबतीत ‘घरबसल्या’ या शब्दातील ‘घर’ तेवढे खरे ठरण्याचे भय आहे.

भाषेचा प्रश्न याहून बिकट. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन झाले तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील मराठी घरे म्हैसूर राज्यात आली. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. तेथे मराठीतून पदवी घेता येते. परंतु राज्य विद्यापीठास दूरशिक्षणाचे अभ्यासकेंद्र आपल्या राज्याबाहेर उघडता येत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमास मात्र ही सीमा नाही. म्हणजे यंत्रास सीमा माफ, आणि मराठीतून शंका सोडविणाऱ्या शिक्षकास मनाई! कन्नडशी आमचे वैर नाही. ती शेजारीण आहे, तिच्याशी बोलता आलेच पाहिजे. परंतु तीही पडद्यावरून नव्हे, वर्गातील सोबत्यांकडूनच उत्तम शिकली जाते.

याहून मोठी गोष्ट उपदेशक विसरतात. २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या ३७१-जे या अनुच्छेदाने या मागास प्रदेशातील रहिवाशांसाठी येथील शिक्षणसंस्थांत जागा राखून ठेवण्याची तरतूद केली. राखीव जागा म्हणजे वर्गातील बाक. जो मुलगा घरीच बसला, त्याने तो हक्क न मागताच सोडून दिला. गुलबर्गा विद्यापीठ १९८० पासून उभे आहे. कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ तर आळंद तालुक्यातच, कडगंची येथे, २००९ साली स्थापन झाले. दारातल्या विद्यापीठात जावयास मुलाजवळ भाडे नसेल, तर उपाय भाडे देणे हा आहे, विद्यापीठ विसरणे हा नव्हे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. तालुक्याच्या गावी मुलामुलींची वसतिगृहे आणि वेळेवर धावणारी बस हवी. ऑनलाइन शिकणाऱ्यांसाठी आठवड्यातून एकदा तरी शिक्षक समोर असणारे वर्ग हवेत. आणि भाषिक अल्पसंख्याकांपुरते तरी अभ्यासकेंद्रांवरील राज्यसीमेचे बंधन सैल करावे. एवढे झाल्यावर ज्यास घरी शिकावयाचे त्याने खुशाल शिकावे. ती त्याची निवड असेल. आज जिला निवड म्हणतात ती निव्वळ नाइलाजाची सही आहे, आणि नाइलाजाने केलेल्या सहीस कोणतेही न्यायालय संमती मानीत नाही.