लहान टाकी स्वस्त पडत नाही

नवशिक्याने लहान टाकीपासून सुरुवात करावी, असं दुकानदार सांगतात. प्रवाळाच्या टाकीला हा सल्ला लागू केला की जीव जातात. पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागे राहतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. 40 लिटरच्या टाकीतून 2 लिटर उडाले, की ते जवळपास 37 वर जातात. 200 लिटरच्या टाकीत फरक नावालाच. त्यात आमचा चंद्रपूर-गडचिरोलीचा मे महिना! प्रवाळाला पाणी 25-26 अंशांचं लागतं, बाहेर पारा 45 वर. वीज गेली की लहान टाकी आधी तापते.

म्हणून 200 लिटरच्या खाली जाऊच नका. तेवढ्याचं वजन, दोन क्विंटलच्या वर, तुमची फरशी पेलत नसेल तर शौक सोडा. मांजरीला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस मुलांना शिकवायची आणि दिवाणखान्यात हे करायचं? शिवाय आपल्या समुद्रातलं प्रवाळ तोडून आणणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे दुकानात कोणी सांगत नाही.

मासेच पाहायचेत ना? मार्कंड्याला वैनगंगेवर जा, ढिवरांच्या जाळ्यात काय आलं ते बघा.